फिल्मवरचा चरा

दोरीवरचे कपडे काढायला आई अंगणात गेली आणि तिथूनच ओरडली, "पडली गं काजळी! चादर झटकू नकोस, फुंक!"

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाल्याचं आमच्या वस्तीला पेपरमधून कळत नाही. ते असं कळतं. उसाच्या चिपाडाची जळकी काजळी पिसासारखी तरंगत येते आणि गच्चीवर, तुळशीवर, पांढऱ्या चादरींवर अलगद बसते. झटकली की तिची काळी रेघ होते आणि ती रेघ मग कुठल्याच साबणाला भीक घालत नाही. फुंकली तर जाते. आमच्याकडच्या पोरी हा धडा अक्षरओळखीच्या आधी शिकतात. मी मात्र झटकणाऱ्यांतली. पत्रकं वाटत, घोषणा देत मोठी झाले; फुंकर घालणं हे मला कायम शरणागतीसारखं वाटत आलं.

हे दिवस एरवी मला आवडतात. हायवेवरून उसाच्या ट्रॉल्या कर्ण्यावर गाणी लावून जातात. गुऱ्हाळाकडून वारा आला की अख्ख्या गल्लीला काकवीचा वास सुटतो. पण यंदा तौफिक, माझा शाळेपासूनचा मित्र आणि आमच्या समितीचा खजिनदार, दुकानाचं शटर वर करता करता म्हणाला, "खणीकडनं परत ट्रॉल्यांचा आवाज येतोय म्हणं."

"उसाच्या असतील."

"असतील की. आणि नसल्या तर?"

त्याच दिवशी मी कपाटावरचा फिल्मचा कॅमेरा आणि काळा खोका खाली काढला, फिल्म भरायला कोऱ्या डब्या घेतल्या आणि खणीवर गेले. दोन-तीन दिवस जात राहिले. आता ती फिल्म धुऊन न्हाणीत टांगली आहे, खालच्या टोकाला कपड्याचा चिमटा लावून. ओल्या फिल्मला हात लावायचा नसतो. ती वाळेपर्यंत मला कळणार नाही, की खणीत वाळू पुन्हा पडायला लागली आहे का. खणीवर जाऊन डोळ्यानं दिसत नाही का, असं कोणीही विचारेल. नाही दिसत. तिथं आता काळ्यावर काळं आहे. फिल्मवर दिसतं ते कसं, हे सांगायचं तर दोन हंगाम मागं जावं लागेल.

आमची खण म्हणजे दगडाची जुनी खाण. दगड काढून झाला, खड्डा राहिला, खड्ड्यात पाणी साठलं आणि पाण्याभोवती वस्तीचं निम्मं आयुष्य. म्हशी तिथंच डुंबणार, गोधड्या तिथंच आपटल्या जाणार, गल्लीतला गणपती तिथंच जाणार. सकाळच्या थंडीत पाण्यावर वाफ असायची आणि वाफेतून म्हशींची फक्त शिंगं दिसायची. सुंदर वगैरे कोणी म्हणत नसे. सुंदर म्हणायला लांब उभं राहावं लागतं, आणि आम्ही तर गुडघाभर पाण्यात.

त्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत दुसऱ्या ट्रॉल्या मिसळल्या. शिरोली एमआयडीसीकडून येणाऱ्या. ताडपत्रीखाली फौंड्रीतली वापरून टाकलेली काळी वाळू. ओतकामाच्या साच्यांत भाजून मेलेली. कुठल्या फौंड्रीची, ते कोणी सांगेना. ट्रॉल्यांचा ठेका मात्र आमच्याच गल्लीतल्या बंडूदादाचा. एका कडेनं खण भरायला लागली. "भरली की मैदान हुतंय. पोरं खेळतील," बंडूदादा म्हणायचा. पोरं खेळतील! आपल्याकडे कुठलंही पाणी बुजवायचं असलं की आधी त्यावर पोरं खेळायला लागतात.

मी मोबाईलवर फोटो काढले. पत्रक काढलं. ग्रामसभेत फोटो दाखवले. बंडूदादानं माझा मोबाईल हातात घेतला, लांब धरून बघितला आणि म्हणाला, "ताई, झकास हाय. कुठल्या ॲपवर केलासा?"

"केला नाही, काढलाय. काल. खणीवर."

"माझ्या पुतण्यानं परवा मला चंद्रावर म्हशी चारताना दाखवलं की. त्येबी असंच खरं दिसत हुतं."

सभा खदाखदा हसली. वर बसलेले तालुक्याचे साहेबही हसले. विरोध मला चालतो, शिव्याही चालतात. हसण्याला माझ्याकडे घोषणा नव्हती. डोळ्यांसमोर पाणी बुजवलं जातंय आणि त्याचा फोटो खोटा, कारण आता सगळेच फोटो खोटे असू शकतात! म्हणजे ज्याच्याकडे ट्रॉली त्याचं खरं. मी तेव्हा जे पत्रक लिहिलं ते जवळजवळ सगळं उद्गारचिन्हांतच होतं.

तेच पत्रक माझ्या आधी जयसिंगपूरला पोचलं होतं. तिथं माझे मामा राहतात. आईचे चुलतभाऊ, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, फोटोग्राफीचे शौकीन आणि अतिशय शिष्ट. फिल्मचा कॅमेरा मागायला मी गेले, कारण निगेटिव्ह ही वस्तू असते, ती हातात धरता येते, साहेबाच्या टेबलावर आपटता येते. मामांनी चष्म्यावरून बघितलं.

"या पुढारी. ही उद्गारचिन्हं घाऊक कुठं मिळतात गं?"

"मामा, कॅमेरा देताय का?"

"कॅमेरा देईन. फिल्म कोण देणार? एकेक रीळ विकत घेऊन चळवळ चालवणार असलीस तर समिती महिन्यात भिकेला लागेल. फिल्मही घाऊकच घ्यायची."

मग त्यांनी टेबलावर एक खोका ठेवला. काळा, जड, बाजूला फिरवायची मूठ. त्याला लोडर म्हणतात. शंभर फुटांची अखंड फिल्म एका डब्यात येते, ती या लोडरच्या पोटात बसवायची आणि लागेल तशी छोट्या डब्यांत गुंडाळून घ्यायची. जसं वर्षाचं तिखट एकदाच डंकावर कांडून बरणीत भरतात आणि लागेल तसं डब्यात काढतात, तसं. हे माझं उदाहरण. मामांना ते अजिबात आवडलं नाही.

मोठं रीळ लोडरमध्ये बसवायचं ते मात्र पूर्ण अंधारात. त्यासाठी मामांकडे दोन बाह्यांची काळी पिशवी होती. खोका आणि फिल्म आत टाकायची, चेन लावायची आणि बाह्यांतून हात घालून आंधळ्यासारखं चाचपत बसायचं. मामांनी आधी एका जुन्या, वाया गेलेल्या फिल्मवर उजेडात सराव करून घेतला. मग डोळे मिटून. मग म्हणाले, "आता खरं. घरी जाऊन कर. इथं माझ्या डोक्यावर उभी राहून रडू नकोस."

घरी स्वयंपाकघरात मी पिशवीत हात घालून बसले. फिल्मचा वेढा हाताला गार लागतो आणि जरा हात सुटला की स्प्रिंगसारखा फणा काढतो. घाम फुटला. समितीचे लोक भोवती जमले होते, आमच्यात एकट्यानं काही करायचं नाही असा ठरावच आहे. मी बराच वेळ बोलेना तेव्हा तौफिक बेचैन झाला.

"आत काय चाललंय नेमकं?"

"गप बस."

"न्हाय, समितीच्या पैशाची फिल्म हाय. सगळ्यांसमोर भरायची. आपलं काम उघड असतंय." आणि त्यानं चेन ओढली.

मी अशी किंचाळले, की शेजारची भागाकाकू शेणाच्या हातानं धावत आली. तौफिक चेन परत लावून दोन्ही हातांनी पिशवी दाबून उभा, जणू आतून उजेड बाहेर पडेल. फोनवर मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण मग जे म्हणाले ते मी विसरले नाही. "बाहेरचे वेढे गेले. घट्ट गुंडाळलेलं असेल तर आतले वाचतात. जळालेलं कापून टाक आणि पुढं चाल."

पुढं चालले. वर्षानुवर्षं मी लिहीत, ओरडत आले होते की जे अंधारात होतं ते वाईट. ठेके अंधारात, सह्या अंधारात, वाळू अंधारात. आणि माझ्या हातात आता अशी वस्तू होती जिचं खरेपण अंधारावरच टिकणार होतं. मला हे पचायला जड गेलं. नंतर उमगलं की लपवणं वेगळं आणि झाकणं वेगळं. आई पीठ झाकते, दही झाकते. त्याला कोणी घोटाळा म्हणत नाही.

रिकाम्या डब्या शहरातल्या एका जुन्या स्टुडिओनं दिल्या. लोकांनी धुवायला दिलेल्या रिळांच्या. प्रत्येक डबीच्या फटीतून जुन्या फिल्मचं जिभेएवढं टोक बाहेर राहिलेलं. त्या टोकाला नवी फिल्म चिकटपट्टीनं जोडायची, डबी लोडरच्या कप्प्यात ठेवायची, झाकण लावायचं आणि मूठ फिरवायची. हे सगळं उजेडात चालतं. आतून कुरकुर असा बारीक आवाज येतो, जात्यासारखा, पण लांबच्या घरातल्या जात्यासारखा. तेवढ्या वेळात मला कोणाचाही राग येत नसे. खोटं कशाला बोलू, बंडूदादाचाही नाही.

यात एक मेख आहे. जोडताना जे टोक उजेडात असतं ते डबीत सर्वांत आत जातं, आणि फोटो काढताना सर्वांत शेवटी येतं. म्हणून घरी भरलेल्या रिळाचे शेवटचे फोटो जळलेलेच असतात. माझ्यासारखीला ही शिक्षाच. आमच्या सगळ्या कामाचा भर शेवटावर. सभा शेवटच्या भाषणासाठी, मोर्चा शेवटच्या घोषणेसाठी. मी सुरुवातीला पाण्यावरची वाफ, कडेचं गवत असलं किरकोळ काढत राहायचे आणि ट्रॉली पाठ टेकवून वाळू ओततानाचा जोरदार फोटो शेवटाला ठेवायचे. तो दर वेळी गेला. मामांनी धुऊन दिल्यावर काळी पट्टी. राहिली ती वाफ आणि गवत. मामा म्हणाले, "जे सांगायचंय ते आधी सांग. शेवट कुणाच्या हातात नसतो."

मग मी खणीवर रोज जाऊ लागले. पडक्या बांधावर बसायचे, ट्रॉली यायची वाट बघत. मोबाईलवर मी जाता जाता शेकड्यानं फोटो काढत असे आणि एकही बघत नसे. आता एक दाबायच्या आधी दहा वेळा बघू लागले. भागाकाकू तिच्या म्हशींना घेऊन यायची. तिच्या पायाला पाण्याची कड आपोआप कळायची. वाळू पुढं सरकली की तीही एक पाऊल पुढं जाऊन थांबायची.

"रिकामीच बसलीस व्हय?"

"वाट बघतेय, काकू."

"मोर्चा न्हाय काढत मग?"

"हाच मोर्चा."

"बरा हाय. आवाज न्हाय, चहा न्हाय." आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून, "काढ माझा एक. त्या बंड्याला दिसूदे मी हितं हाय म्हणून."

मी तिचे पुष्कळ फोटो काढले. डबी संपली की तिथंच बांधावर लोडर मांडीत घेऊन दुसरी भरायचे. दुपारचा वारा सुटला की वाळूच्या ढिगावरून काळी धूळ उठायची. दाताखाली करकर. डोळ्यात, कानात, भाकरीत. तिकडे मी लक्षच देत नव्हते. माझं सगळं लक्ष फोटोत काय येतंय याकडे.

आईच्या बंबातलं कढत पाणी गारात मिसळून मी बांधावर भरलेली रिळं न्हाणीत पहिल्यांदाच स्वतः धुतली. मामांनी वहाणेनं मारल्यासारखं पढवलं होतं, त्यामुळे चूक नव्हती. पण फिल्म खिडकीशी धरली आणि माझं डोकं फिरलं. प्रत्येक फोटोवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन-तीन सरळ चरे. आभाळातून, ट्रॉलीतून, म्हशींच्या पाठींवरून, भागाकाकूच्या चेहऱ्यावरून. जणू कोणी पट्टी धरून सुईनं ओढलेत. सगळ्या रिळांवर तेच.

मी जयसिंगपूरला गेले ती भांडायलाच. "तुमचा खोका भंगार आहे मामा!"

मामांनी खोका उघडला नाही. डबी उचलली. डबीच्या फटीला आतून मखमल असते, उजेड अडवायला. फिल्म तिच्यामधून सरकते. मामांनी त्या मखमलीवर भिंग धरलं, मग मला दिलं. मखमलीत काळे, टोकदार कण रुतून बसले होते. चकाकणारे.

"तुझी खण," मामा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात शिष्टपणा नव्हता.

पुढच्या ग्रामसभेपर्यंत फोटो नव्यानं काढायला वेळ नव्हता. मामांनी त्यांच्या अडगळीच्या खोलीत लाल दिवा लावून त्याच निगेटिव्हचे मोठे फोटो करून दिले, चऱ्यांसकट. मी ते सभेत फिरवायला दिले, निगेटिव्ह हातात ठेवली आणि भाषणाला उभी राहिले. भाषण जोरदार तयार होतं. बंडूदादानं फोटो हातात येताच तोंड उघडलं.

"चरे पडलेत की ताई सगळीकडं. खराब माल दिला बघा कुणीतरी. ह्यात काय दिसणार?"

परत हसण्याची लाट येणार, असं मला वाटलं. मी निगेटिव्ह उजेडाला धरली. तोवर फोटो बायकांच्या बाजूला गेला होता. भागाकाकू त्यात स्वतःला बघतच नव्हती. ट्रॉलीकडेही नाही. चऱ्यावरून नख फिरवत होती. मग फोटो तसाच शेजारणीच्या मांडीवर टाकून उठली आणि चालू लागली. मला वाटलं, रागावली. चेहरा खराब आला म्हणून.

ती परत आली ती पितळेचं पातेलं घेऊन. सभेच्या मधोमध उभी राहिली, पातेलं उन्हाला धरलं.

"हे बघा. हे चरे आणि हे चरे. माझ्या आईच्या हातचं भांडं हाय. कधी ओरखडा न्हवता. औंदा घासंल तसं फाटाय लागलंय. म्या म्हटलं राख खराब, म्हटलं माझा हात खराब. ही वाळू हाय व्हय रं बंडू?"

बायकांमध्ये कुजबुज झाली. कोणी म्हणाली तवा, कोणी म्हणाली कळशी. आणि मागच्या रांगेतून, तोंडाला पदर लावून, बंडूदादाची बायको म्हणाली, "आमच्या ताटास्नी बी हायत."

या वेळी सभा हसली ती वेगळं हसली. बंडूदादा बायकोकडे वळला. "तू घरी चल," म्हणाला, पण आवाज पडला होता.

"चलतो की. ताटं दावतो," ती म्हणाली.

साहेबांनी पातेलं मागितलं. बोट फिरवलं. मग पहिल्यांदा विचारलं, "ही खण आहे कुठं?"

माझं भाषण झालंच नाही. मी जो पुरावा वणवण करून गोळा केला होता, तो फोटोत होताच, पण त्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. लोकांनी ओळखला तो चरा. जो मी दोष समजून मामांशी भांडायला गेले होते. चित्राला खोटं म्हणता येतं. आपल्या पातेल्याला कसं म्हणणार?

विजय झाला असं मी तेव्हा पत्रकात लिहिलं. ट्रॉल्या थांबल्या, पण खरं म्हणजे अर्धीच खण वाचली. भरलेल्या भागावर आज पोरं क्रिकेट खेळतात, तेवढं बंडूदादाचं खरं झालं, आणि घरी येतात ती काळ्या पायांनी. उरलेल्या अर्ध्यात पाणी आहे. मला वाटायचं, अर्धं म्हणजे हार. आता वाटतं, बाहेरचे वेढे गेले, आतले वाचले. जळालेलं कापायचं आणि पुढं चालायचं. हे शहाणपण फिल्मचं आहे, माझं नाही. माझा राग तसाच आहे, फक्त आता तो जरा घट्ट गुंडाळून ठेवते.

म्हणून यंदा तौफिक तसं म्हणाला तेव्हा मी पत्रक काढलं नाही. पेट्रोल ओतल्यासारखे शब्द तोंडात आले होते, गिळले. नव्या मखमलीच्या कोऱ्या डब्या घेतल्या, त्याच बांधावर, त्याच वाऱ्यात बसून उघड्यावर भरल्या, मुद्दाम. काळ्या ढिगावर नवं काळं पडलं असेल तर डोळ्याला कळणार नाही, पण नवी वाळू पडली की धूळ उठते, आणि धूळ उठली की मखमलीला कळतं. जुना ढीग दोन पावसाळ्यांत दबून घट्ट बसलाय, तो उडत नाही. फोनवर मामा म्हणाले, "प्रयोग म्हणून अर्धाकच्चा आहे." मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पण मलाही कळव."

फिल्म वाळली. मी चिमटा काढला, खिडकीशी नेली, मामांचं भिंग लावलं. पहिलं चित्र आभाळाचं. कोरं. दुसरं गवताचं. कोरं. मी प्रत्येक चित्र या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत गेले, जसं आमच्याविरुद्धचा ठराव वाचते, एकही शब्द न सोडता. चरा नव्हता. न्हाणीच्या झरोक्यातून आलेली उसाची काजळी ओल्या फिल्मवर ठिपक्यांनी बसली होती, तिचं पत्रक वेगळं निघेल. शेवटाला नेहमीसारखी जळकी काळी पट्टी. आणि तिच्या बरोबर आधी भागाकाकू, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून, सबंध.

संध्याकाळी तौफिकनं फिल्म खिडकीच्या काचेवर धरून मोबाईलवर उलटी करून घेतली, काळ्याचं पांढरं केलं. चौकशी करून आला होता तो. हायवेवर खोदलंय म्हणून उसाच्या ट्रॉल्या खणीमागून वळतात, तो आवाज. आम्ही दोघं मोबाईल घेऊन भागाकाकूच्या दारात गेलो. तिनं दोन्ही हात लुगड्याला पुसले, मोबाईल घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"बघा काकू," मी म्हणाले, "एक चरा नाही."

तिनं मोबाईलवरच्या स्वतःच्या गालावरून नख फिरवलं.

"एवढी म्हातारी झालो व्हय गं मी?" ती म्हणाली. "चरं हुतं तवा बरी दिसत हुतो की." मोबाईल तौफिकच्या हातात कोंबला, दावं सोडलं आणि म्हशींना हाकत खणीकडं निघाली.